जवळचे दाखवणारी बॅटरी

आर्णीच्या बाजारात विकली जाणारी जवळपास प्रत्येक बॅटरी लांबचे दाखवण्यासाठी केलेली असते. टॉर्चला इथे बॅटरीच म्हणतात. दुकानदार ती खोक्यातून काढतो आणि पहिले वाक्य अंतराबद्दल बोलतो. नाल्यापलीकडे जाते, टेकडीला लागते, रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, डोळ्यांवर मारली तर ती जागेवर थांबते. गिऱ्हाईकही तेच विचारते. सोयाबीन, तूर किंवा कापूस घेणारे बहुतेक जण पीक घरी येईपर्यंत शेतात रात्रीची जागल करतात. रानडुकरे आणि रोही यांना लांबूनच हाकलायचे असते. ती जवळ आल्यावर बॅटरीचा उपयोग नसतो. त्यामुळे या बाजाराने एकाच दिशेने प्रगती केली आहे. दरवर्षी उजेड आणखी लांब जातो.

आम्हाला हातभर अंतरावरचे पाहायचे होते.

'आम्हाला' म्हणजे पत्नीला. ती इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे. मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात बातम्या लिहिण्याचे आणि तपासण्याचे काम केले. दोघांच्याही नोकऱ्या संपल्या आहेत. संध्याकाळी ती शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, किडे पाहायला जाते आणि मी सोबत जातो.

तिचा विषय झाडावरचा रातकिडा. मोरीजवळ ओरडणारा काळपट रातकिडा वेगळा. हा फिकट हिरवा, बोटाच्या पेराएवढा, अंगाने बारीक, आणि पंख जवळजवळ पारदर्शक. अंधार पडला की नर पानावर येतो, दोन्ही पंख पाठीवर उभे करतो आणि एकमेकांवर घासतो. त्यातून बारीक, लांबत जाणारा स्वर निघतो. पावसाळा सरताना धुऱ्यावरच्या रानतुळशीत असे बरेच नर असतात. रानतुळस कोणी लावत नाही. ती छातीएवढी वाढते, कपडे घासले गेले तर वास घरापर्यंत येतो आणि दिवाळीनंतर वाळून जाते.

या नरांपैकी काही जण एक वेगळी गोष्ट करतात. ते पान कुरतडून त्याला भोक पाडतात, त्या भोकात बसतात आणि पंख पानाच्या पातळीत आणून गातात. पान पडद्यासारखे काम करते आणि आवाज मोठा होतो. ज्यांचा आवाज मुळात लहान असतो तेच बहुधा हे करतात, असे पत्नी सांगते. भोके पडलेली पाने तिने दिवसा पुष्कळ पाहिली होती. पण भोके अळ्याही पाडतात. भोकात बसून गाणारा नर तिने एकदाही पाहिला नव्हता. तेवढे पाहायचे राहिले आहे, असे ती कधी तरी म्हणे. त्यात घाई नसे.

तिची पद्धत कानाची होती. बॅटरी बंद ठेवून ती धुऱ्यावर उभी राहायची, मान थोडी इकडे, थोडी तिकडे वळवायची आणि एका झुडपाकडे चालायला लागायची. झुडपाजवळ पुन्हा तेच. मग एक फांदी, मग एक पान. बोट पानाजवळ नेल्यावरच ती उजेड लावायची आणि किडा तिथे असायचा. त्या कामाला कसलीही बॅटरी पुरत होती, कारण शोध उजेडाच्या आधीच संपलेला असायचा.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती म्हणाली, "यंदा रातकिडे फारच कमी झालेत. फवारण्या वाढल्या."

मला तसे वाटत नव्हते. धुऱ्यावर त्यांचा आवाज नेहमीइतकाच होता. त्या वेळी आम्ही ज्या झुडपाशेजारी उभे होतो त्यात निदान दोन नर गात होते. मी तसे सांगितले. तिने झुडपाकडे तोंड केले, मान वळवली, पुन्हा वळवली आणि मग घरी जाऊ या म्हणाली.

यवतमाळला कानाची तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितले की बोलणे ऐकू येण्यात फारशी अडचण नाही. वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले आहेत, ते परत येणार नाहीत आणि यापुढे आणखी जातील. यंत्र दिले. ते लावल्यावर रातकिडे ऐकू आले, पण सगळीकडून एकदम, एकच करकर होऊन. कुठल्या झुडपातून आवाज येतो हे त्यात कळत नव्हते. परतीच्या बसमध्ये यवतमाळ मागे पडल्यावर ती म्हणाली, "म्हणजे किडे आहेत. ते बरं झालं."

त्यानंतर तिच्या बोलण्यात घाई आली. कान जसे जातील तसे मीच तिला झुडूप दाखवणार होतो आणि माझेही वय तेच. भोकातला नर पाहायचा तर या एक-दोन हंगामांतच, आणि आता तो डोळ्यांनीच शोधावा लागणार होता.

आधी मोबाईलचा उजेड वापरून पाहिला. तो पसरट आणि निळसर पांढरा पडतो. मोबाईल पानाच्या बाजूला आडवा धरता येत नाही, पडद्याचा उजेड तोंडावर येतो, त्यावर पतंग येतात, आणि एकदा एका नातेवाइकाचा फोन आल्याने पूर्ण झुडूप गप्प झाले.

म्हणून यंदा पावसाळा सरताना आम्ही दुकानात गेलो. दुकान विजेच्या सामानाचे, बसस्थानकाकडून येणाऱ्या रस्त्यावर. मालकाचे वडील तिथे रेडिओ दुरुस्त करायचे. तो आता मिक्सर आणि पंपाचे स्टार्टर दुरुस्त करतो. त्याची मुलगी पत्नीच्या वर्गात होती.

"मॅडम, ही न्या," त्याने दंडाएवढी बॅटरी पुढे ठेवली. "ही मारली का सीधी नदीच्या तिकडं जाते."

"मला नदीच्या तिकडचं काही नाही पाहायचं. हे एवढं पाहायचंय." तिने वीतभर अंतर दाखवले.

"एवढं पाहाले तं मोबाईल हाये ना तुमच्याजवळ."

"मोबाईलनं नीट दिसत नाहीत. किडे पाहायचेत."

त्याने माझ्याकडे पाहिले. "घरात लय झाले काय सर? औषध देऊ?"

"घरातले नाही, वावरातले," पत्नी म्हणाली. "आणि मारायचे नाहीत. फक्त पाहायचे."

"मारायचे नाई." त्याने खात्री करून घेतली. "मंग तं सस्त्यात काम होते."

तिने अंधारी जागा मागितली. दुकानाच्या मागे मालाची खोली होती, खिडकी नसलेली. तिथे तिने पिशवीतून मेथीची जुडी आणि एका हिरव्या मिरचीचा देठ काढला. हे घरूनच ठरवून आणलेले होते. देठ फिकट हिरवा, किड्याएवढाच. मी तो जुडीत खोचायचा, जुडी टेबलावर ठेवायची आणि तिने एकेका बॅटरीने तो शोधायचा. दुकानदार दाराशी उभा राहिला. बाहेर एक गिऱ्हाईक आले आणि काय चालले आहे म्हणून विचारू लागले.

"काई नाई बावा," दुकानदार म्हणाला. "मॅडमच्या घरची लाईट गेली. भाजी निवडून राह्यल्या."

पहिल्या बॅटरीच्या उजेडाला मध्ये पांढरा डाग होता. डागात आलेली पाने कागदासारखी कोरी दिसत आणि डागाबाहेर काहीच दिसत नसे. दुसरी पेनासारखी, घसा तपासायची. तिचा उजेड एका पानापुरताच होता. त्या गतीने एक झुडूप बघायला संध्याकाळ गेली असती. तिसरी आकाराने ठीक होती, पण तिचे बटण आधी सर्वांत प्रखर उजेड लावी, मग मध्यम, मग मंद आणि मग लुकलुक सुरू करी. बंद करायची तर लुकलुकीतून जावे लागे. लुकलुक कशासाठी, असे पत्नीने विचारले. पोलिसांसाठी, असे दुकानदाराने सांगितले. पोलीस घेतात का, असे मी विचारले. "ते कायले घेतीन," तो म्हणाला.

निळसर पांढऱ्या उजेडात आणखी एक अडचण दिसली. देठ आणि पान यांच्या हिरव्यात दिवसा सहज कळणारा फरक त्या उजेडात राहत नव्हता. दोन्ही सारखेच राखाडी हिरवे दिसत. पत्नीने हे दुकानदाराला दाखवले. त्याने वाकून पाहिले, देठ कुठे आहे ते त्यालाही सापडले नाही, आणि मग तो स्वतःहून आत गेला.

त्याने आणलेली बॅटरी मुठीत मावत होती. "ही चालत नाई," त्याने आधीच सांगितले. "दोन आलत्या, दोन्ही पडून हायेत. जुन्या बल्बासारखी पिवळी पडते. अन् जातच नाई कुठं. वावरातले पोट्टे हसतात हिले."

तिचे बटण दाबले की आधी सर्वांत मंद उजेड लागत होता. उजेड पिवळसर होता आणि कडेपर्यंत एकसारखा पसरत होता. मध्ये डाग नव्हता. बटणाचा आवाज होत नव्हता. पत्नीने जुडीवर तो धरला आणि लगेच बोट ठेवले. मी देठाची जागा बदलली. तिने पुन्हा बोट ठेवले. तिसऱ्यांदा मी देठ खोचलाच नाही, तेव्हा तिने जुडी फिरवून पाहिली आणि म्हणाली, "यात नाहीये."

"हीच," ती म्हणाली.

दुकानदाराला एक विक्री झाल्याचा आनंद होता, पण दंडाएवढी बॅटरी त्याने आत ठेवली नाही. "सरसाठी ही घेऊन टाका. मॅडमले किडे दिसतीन, तुमाले मॅडम दिसतीन."

ती आम्ही घेतली नाही.

ज्या शेतावर आम्ही जातो ते पत्नीच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आहे. गावाबाहेर, नाल्याला लागून. अर्ध्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि अर्ध्यात सोयाबीन. नाल्याकडच्या धुऱ्यावर रानतुळस दाट आहे. त्याला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे वावर आहे आणि त्याच्या पलीकडे आणखी काही. प्रत्येक वावरात एक मचाण. सोयाबीन काढणीला आले होते, त्यामुळे अंधार पडताच सगळ्या मचाणांवर माणसे असत. आम्ही धुऱ्यावर जाणार हे विद्यार्थ्याला माहीत होते. बाकीच्यांना ते सांगावे असे कोणाला वाटले नव्हते.

पहिल्या काही संध्याकाळी नवी बॅटरी हातात धरून काम केले. मी आवाज ऐकून झुडूप दाखवायचो, तिथपर्यंत मला जमत होते. फांदीपर्यंत जमत नव्हते. पुढचे पत्नीने उजेडात शोधायचे. नर दिसले, पण साध्या पानावर बसलेले, आणि उजेड त्यांच्यावरून सरकला की ते गप्प होत. मग लक्षात आले की ते उजेडाला नाही, उजेडाच्या हलण्याला गप्प होतात. मंद उजेड एका जागी राहिला तर थोड्या वेळाने पुन्हा गायला लागतात. या वयात कोणाचा हात तितका स्थिर राहत नाही. तिचा नाही, माझाही नाही.

तेव्हा तिने बॅटरी खाली ठेवली. धुऱ्यावर एक सपाट दगड होता. त्यावर बॅटरी आडवी ठेवून तोंड थोडे वर केले की उजेड पानांच्या मागच्या बाजूने येई. पान मागून उजळले की त्याच्या शिरा दिसत आणि भोक असेल तर ते लगेच वेगळे कळे. हे हातात धरलेल्या बॅटरीने कधीच दिसले नसते. ती घडीच्या स्टुलावर बसली, मी मागे उकिडवा. पानांत एक भोक दिसले. त्याच बाजूने आवाजही येत होता. आम्ही न हलता बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने पऱ्हाटीतून माणसे पळत येत असल्याचा आवाज आला. कोणीतरी शीळ वाजवली. रस्त्यावर मोटारसायकल सुरू झाली. आधी विद्यार्थी पोचला, हातात काठी, पायात चप्पल नव्हती. त्याच्यामागे म्हातारा आणि आणखी एक जण.

"कुठं चावला? मॅडम, कुठं चावला?"

"श्श," मी म्हणालो. "तो थांबला."

"कोण थांबला? पाय हालवू नका. गाडी येऊन राह्यली. सर, तुम्ही धरा त्यायले!"

"अरे, पण झालंय काय?" पत्नीने विचारले.

"तुमाले साप चावला ना?"

"मला? नाही."

"मंग सरले?"

मलाही चावला नव्हता. विद्यार्थी धापा टाकत उभा राहिला. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिलेच नाही. तो दगडावरच्या बॅटरीकडे पाहत होता. त्याने वाकून ती उचलली, बंद करायला बटण शोधले, सापडले नाही, आणि पेटतीच पत्नीच्या हातात दिली.

"खाली काहून ठेवली?"

"हात हलतो म्हणून. किडा पाहत होते."

"किडा," म्हातारा म्हणाला. मग मागे वळून रस्त्याच्या दिशेने ओरडला, "बंद कर रे गाडी! किडा पाहून राह्यल्या बाई!"

अंधारात कोणीतरी हसले. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या वावराकडून सोयाबीन मोडल्याचा आवाज आला आणि तिघेही तिकडे पळाले. मचाण रिकामे राहिले होते तेवढ्या वेळात डुकरे आत आली होती.

जागलीचा हा नियम दुसऱ्या दिवशी नीट कळला. चालणारा उजेड म्हणजे माणूस धुऱ्याने चालला आहे. पिकावरून गोल फिरणारा उजेड म्हणजे डुकरे आली, सावध व्हा. जमिनीलगतचा, न हलणारा उजेड म्हणजे माणूस पडला, बहुधा साप चावून, आणि बॅटरी हातातून सुटली. म्हणून जागल करणारा माणूस पेटती बॅटरी कधीही खाली ठेवत नाही. विडी पेटवायची असेल तर काखेत धरतो, दोन्ही हात लागणार असतील तर दातांत धरतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही आणि बाहेरच्याला सांगायचे कोणाला सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी म्हाताऱ्याच्या वावरात गेली. डुकरांनी कोपऱ्यातले सोयाबीन लोळवले होते. म्हातारा उभे राहिलेले तेवढे कापत होता. ती पाहत उभी राहिली, मग वाकून आडव्या पडलेल्या झाडांच्या शेंगा तोडू लागली. म्हाताऱ्याने तिला नको म्हटले नाही. विद्यार्थी आला, त्याला अवघडल्यासारखे झाले.

"काका, मी सगळ्यायले सांगून देतो," तो म्हाताऱ्याला म्हणाला. "नाल्याजवळ बॅटरी खाली दिसली का ते मॅडमची समजाची. कोणी उठाचं नाई."

"नाई."

"काहून नाई?"

"उद्या नाल्याजवळ तूच पडला तं?" म्हातारा कापतच होता. "सगळे मचाणीवरून पायतीन अन् म्हणतीन, मॅडम हाये."

मग म्हातारा पत्नीला म्हणाला, "माहा भाऊ असाच पडलता. इथंच, धुऱ्यावर. बॅटरी खाली जळत होती. सगळ्यायनं पाह्यली. मीनं बी पाह्यली. वाटलं, बसला असन इडी ओढत." त्याने विळा दुसऱ्या हातात घेतला. "तवापासून कोणी ठेवत नाई."

पत्नी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. आम्ही नाही ठेवणार."

परत येताना तिने हंगाम संपला असे जाहीर केले. तिच्या मते यातून दुसरा मार्ग नव्हता. बॅटरी हातात धरली तर किडा थांबतो. बॅटरी उंचावर बांधली तर पान मागून उजळत नाही. खाली ठेवली तर चार वावरांतली माणसे उठतात आणि त्यांना उठू नका म्हणून सांगणे बरोबर नाही. पुढच्या वर्षी पाहू, असे ती म्हणाली. पुढच्या वर्षी किती ऐकू येईल हे तिने बोलून दाखवले नाही, मीही विचारले नाही.

संध्याकाळी विद्यार्थ्याचा फोन आला. म्हाताऱ्याने निरोप दिला होता: बॅटरी खाली ठेवायची असेल तर ठेवा, पण मचाणावरून हाक आली की उत्तर आले पाहिजे. उत्तर आले नाही तर तो निघणार. हाक तोच मारणार होता, दुसऱ्या कोणावर त्याचा भरवसा नव्हता.

"किती वेळानं हाक मारतील?" पत्नीने विचारले.

"ते त्यायच्या मनावर हाये, मॅडम."

आम्ही गेलो. तेच झुडूप, तोच दगड. भोकाचे पान सापडले. नर गात होता असे माझे कान सांगत होते, आणि आवाज त्या पानाच्या आसपासच होता. उजेड स्थिर होता. पत्नीचे तोंड पानापासून वीतभर अंतरावर होते. भोक दिसत होते. भोकात काही आहे की नाही हे तिला कळत नव्हते. फिकट हिरवा किडा, पारदर्शक पंख, मागून उजळलेले हिरवे पान. बॅटरी कितीही नीट निवडली तरी यात दिसण्यासारखे फार थोडे होते.

"ओ बाई! हाये का?"

"आहोत!" मी ओरडलो. किड्याचा आवाज लगेच बंद झाला.

"झालं," पत्नी म्हणाली. "आता बसा."

नर पुन्हा गायला लागेपर्यंत बराच वेळ गेला. तो सुरू होऊन जेमतेम स्थिर झाला तोच पुन्हा हाक आली. मी पुन्हा ओरडलो. तो पुन्हा थांबला. पत्नीने मचाणाच्या दिशेने पाहिले. म्हातारा अगदी थोड्या-थोड्या वेळाने हाका मारत होता. मधल्या एका हाकेला मला उत्तर द्यायला उशीर झाला तेव्हा लगेच दुसरी आली, चढ्या आवाजात, आणि तिच्याबरोबर पऱ्हाटीवरून त्याचा लांब जाणारा उजेड.

"आहोत, आहोत!"

"मंग बोलत जा ना लवकर!"

या थांबण्या-सुरू होण्यात तिने माझा हात आपल्या खांद्यावर ठेवला. "सुरू झाला की दाबा," ती म्हणाली. "मला कळत नाही कधी सुरू होतो ते."

पुढची हाक आली. मी उत्तर दिले. आवाज थांबला. ती भोकाकडे पाहत राहिली. काही वेळाने तो बारीक स्वर पुन्हा सुरू झाला आणि मी खांदा दाबला. ती पुढे झुकली. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर, पुन्हा शांतता. या वेळी मी खांदा दाबायच्या आधीच ती म्हणाली, "उठले."

"काय?"

"पंख. भोकात उभे राहिले."

मी खांद्यावर हात तसाच ठेवून पुढे वाकलो. गात असताना त्याचे पंख इतक्या वेगाने हलतात की ते हलताना दिसत नाहीत. भोकाच्या जागी धुरकट काच बसवल्यासारखी दिसते आणि डोळा तिथून सरळ पुढे जातो. थांबतो तेव्हा पंख खाली पडतात आणि भोक मोकळे दिसते. पुन्हा सुरू करताना ते वर येऊन भोक भरून टाकतात. तो उठण्याचा क्षणच तेवढा दिसण्यासारखा होता. सलग गाणाऱ्या किड्यासमोर आम्ही संध्याकाळ काढली असती तर काही दिसले नसते. मिशा पानाच्या दुसऱ्या बाजूला होत्या, लांब, त्यांची टोके उजेडात हलत होती. ती तिने मला दाखवली. डोके एका बाजूला, पोट दुसऱ्या बाजूला, पंख पानाच्या पातळीत. जसे वाचले होते तसेच.

पुढच्या हाकेची ती वाट पाहत राहिली. हाक आली. पंख पडले. पंख उठले. तिने ते परत परत पाहिले. मी खांदा दाबायचे सोडून दिले होते, कारण आता ती मला सांगत होती. माझ्या कानांपेक्षा तिला आधी कळत होते.

निघताना तिने बॅटरी उचलली, बंद केली आणि आम्ही म्हाताऱ्याच्या मचाणाखालून गेलो. तो वरूनच म्हणाला, "भेटला का तुमचा किडा?"

"भेटला, काका."

"मंग आता मोकळे आम्ही?"

"नाही. अजून दुसरे आहेत. उद्या येतो."

तो मचाणाच्या कडेवरून खाली वाकला.

"मंग उद्या बी हाका माराच्या?"

"माराच," पत्नी म्हणाली. "जरा जास्त मारा."